खुडूक पेटी

पुण्याच्या वर्तमानपत्रांत आठवड्याचा बाजारभाव येतो, त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी मार्केट यार्डातली रविवारची आवक: परराज्यांतून किती ट्रक आले, कांदा किती, बटाटा किती, कोथिंबिरीची जुडी कितीला गेली. मग फळं, फुलं, भुसार. आणि पार खाली मासळी, चिकन, अंडी. अंड्यांचे भाव दोन, गावरान आणि इंग्लिश. गावरानचा भाव इंग्लिशच्या बराच वर. घेणारा म्हणतो, गावरान ते गावरान, पौष्टिक असणारच.

भावातल्या या फरकाचं मोठं कारण मात्र कोंबडीच्या स्वभावात आहे. गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. अंडी द्यायची थांबते, पिसं फुलवून खुराड्याच्या कोपऱ्यात ठाण मांडते, हात लावायला गेलं की चोच मारते. एकवीस दिवस अंड्यांवर, मग पुढचे काही आठवडे पिल्लांमागे. वर्षाचा हिशेब साठ-ऐंशी अंड्यांवर येऊन थांबतो. इंग्लिश अंडं देणारी पिंजऱ्यातली लेअर तीनशेच्या घरात जाते, कारण पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिच्यातला खुडूकपणा काढून टाकलेला आहे. अंड्यांवर बसायचं असतं हेच तिला ठाऊक नाही. तिच्या वाटचं बसणं यंत्र करतं.

तेच यंत्र आता थर्मोकोलच्या पेटीएवढं होऊन पुण्यातल्या फ्लॅटमध्ये येऊन पोचलं आहे. कुणी चोवीस अंड्यांचं तयार मशीन ऑनलाइन मागवतं, कुणी बल्ब आणि पंखा जोडून घरीच बनवतं. शाळेचा प्रकल्प, मुलांचा हट्ट, गावाकडची आठवण, निमित्त काहीही असो. पेटी चालवणं फारसं अवघड नाही, हे आधीच सांगतो. अवघड भाग पेटी बंद केल्यावर सुरू होतो, आणि हौसेच्या भरात नेमका त्याचाच विचार होत नाही.

अंड्यांच्या धंद्याचं गाव

अंड्यांच्या उत्पादनात महाराष्ट्र देशातल्या पहिल्या पाच राज्यांत नाही. ते मान आंध्र, तमिळनाडू, तेलंगण, पश्चिम बंगाल आणि कर्नाटकाचे. तरी या धंद्याची सूत्रं बऱ्याच अंशी पुण्यातून हलतात. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये हैदराबादेत वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुढे या उद्योगसमूहाचं मुख्यालय पुण्यात आलं. सिंहगड रस्त्यावरचं वेंकटेश्वरा हाउस ते हेच. १९८२ मध्ये राव यांच्याच पुढाकाराने नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. तोवर अंड्याचा भाव व्यापारी ठरवत आणि शेतकरी निमूट घेत. ‘माझं अंडं, माझा भाव, माझं जगणं’ अशा अर्थाची हाक देत उत्पादकांनी भाव स्वतः जाहीर करायला सुरुवात केली. ‘संडे हो या मंडे’ची जाहिरात याच कमिटीची. राव यांना १९९० मध्ये पद्मश्री मिळाली, १९९६ मध्ये ते गेले. उरुळी कांचनला त्यांच्या नावाची कुक्कुटपालन प्रशिक्षण संस्था आहे.

सरकारची बाजूही इथेच आहे. राज्यात पशुसंवर्धन खात्याची चार मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत: पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर. पुण्याचं केंद्र खडकीला. परसातल्या कोंबडीपालनासाठी सुधारित जातींची अंडी आणि एक दिवसाची पिल्लं देणं हे या केंद्रांचं काम. पक्ष्यांच्या लसी बनवणारी खात्याची संस्था औंधला. म्हणजे उबवायला अंडी हवी असोत, पिल्लांना लस हवी असो किंवा नुसता सल्ला, पुणेकराला शहराबाहेर जावं लागत नाही.

२०२३-२४ मध्ये देशात १४ हजार २७७ कोटी अंडी निघाली. त्यातली बहुतेक नराचं तोंडही न पाहिलेल्या कोंबड्यांची. हे सांगणं भाग आहे, कारण घरी अंडी उबवायला निघालेल्यांची पहिली फसगत इथेच होते. किराणा दुकानातल्या ट्रेमधलं पांढरं अंडं कितीही ताजं असलं तरी त्यातून पिल्लू निघत नाही. लेअरच्या पिंजऱ्यात कोंबडा नसतो, त्यामुळे अंडं फळलेलं नसतं. फळलेलं अंडं हवं तर जिथे कोंबड्यांत कोंबडा फिरतो अशा ठिकाणाहून आणावं: गावाकडच्या खुराड्यातून, कृषी विज्ञान केंद्रातून, नाहीतर उबवणी केंद्रातून. आणि तेही आठवड्याच्या आतलं, न धुतलेलं, तडा न गेलेलं, मध्यम आकाराचं. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक लेप जातो आणि रोगजंतूंना छिद्रांतून वाट मिळते. फ्रिजमध्ये ठेवलेलं नको आणि मे महिन्यात स्वयंपाकघराच्या खिडकीत तापलेलंही नको. प्रवासातून आलेली अंडी रुंद टोक वर करून काही तास निवांत ठेवावीत, मगच पेटीत घालावीत.

पेटीत काय असतं

खुडूक कोंबडी चार गोष्टी देते: ऊब, ओल, हवा आणि हालचाल. पेटीने तेवढंच द्यायचं.

ऊब साडेसदतीस अंश सेल्सिअस. मशिनवाले फॅरनहाइटमध्ये बोलतात, साडेनव्याण्णव. पंखा नसलेल्या पेटीत वर गरम आणि खाली गार असा फरक पडतो, म्हणून अंड्यांच्या माथ्यापाशी मोजून एकशे एक-दोनपर्यंत ठेवतात. घरगुती पेटी बनवणारे तपकीर गल्लीत जातात. तिथे डिजिटल थर्मोस्टॅट मिळतो, संगणकातला छोटा पंखा मिळतो, ओलावा मोजायचा मीटर मिळतो. अडतं ते बल्बपाशी. घरोघरी एलईडी आले. ते उजेड देतात, ऊब देत नाहीत. जुना तारेचा चाळीस वॅटचा बल्ब आता शोधून आणावा लागतो. तो कधीही जातो, म्हणून एकाच्या जागी दोन लावतात. थर्मोस्टॅटच्या आकड्यावर मात्र आंधळा विश्वास नको. ताप मोजायचा साधा थर्मामीटर शेजारी ठेवून दोन्ही ताडून घ्यावेत, कारण एका अंशाच्या चुकीने सगळी बॅच हातची जाऊ शकते. त्यातही गारव्यापेक्षा उष्णता घातक. कोंबडीसुद्धा दिवसातून एकदा दाण्यापाण्याला उठते आणि अंडी तेवढा वेळ गार होतात; त्याने बिघडत नाही. पण तापमान एकशे चारच्या पुढे गेलं आणि तसंच राहिलं, तर आतला जीव शिजतो.

म्हणूनच पुण्यात ‘लाइट गेली तर?’ हा प्रश्न वाटतो तेवढा भीतीचा नाही. दुरुस्तीच्या गुरुवारी वीज गेली तर पेटी उघडायची नाही, वर गोणपाट किंवा जाड चादर टाकायची. दोन-तीन तास सहज निभतात.

हालचाल म्हणजे अंडं फिरवणं. कोंबडी चोचीने अंडी सतत आत-बाहेर करत असते. न फिरवलेल्या अंड्यात गर्भ कवचाच्या आतल्या पडद्याला चिकटतो. हाताने फिरवायचं तर दिवसातून किमान तीनदा. अंड्याच्या एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल. वेळा विषम ठेवायच्या, म्हणजे रात्रीचा लांब मुक्काम रोज एकाच कुशीवर होत नाही. अठराव्या दिवशी फिरवणं बंद.

माणसाने हे ज्ञान थर्मामीटरच्या फार आधी मिळवलं. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी एका वेळी उबवली जात. भट्टीवाला अंडं पापणीला लावून त्याची ऊब ओळखायचा. कोंबडीशिवाय अंडी उबवण्याच्या इजिप्तमधल्या पद्धतीची नोंद ॲरिस्टॉटलनेही केली आहे.

टॉर्चच्या उजेडात

या सगळ्या खटाटोपातला खरा आनंद सातव्या दिवशी असतो. खोली अंधारी करायची, मोबाइलचा टॉर्च लावायचा, पुठ्ठ्याला अंड्याहून लहान भोक पाडून तो टॉर्चवर धरायचा आणि अंड्याचं रुंद टोक भोकावर टेकवायचं. आतून नारिंगी उजेड पसरतो. अंडं फळलेलं नसेल तर नुसताच उजेड, मधे बलकाची पुसट सावली. फळलेलं असेल तर एका काळ्या ठिपक्यापासून लाल शिरा चहूकडे फुटलेल्या दिसतात. तो ठिपका म्हणजे डोळा. नीट धरून थांबलं तर ठिपका हलतो. हृदय तर त्याच्याही आधी, दुसरा दिवस सरता सरता चालू झालेलं असतं. शिरांऐवजी रक्ताचं एक कडं दिसलं तर समजावं की जीव धरला होता, पण गेला. असं अंडं आणि कोरं अंडं, दोन्ही बाहेर काढायची. ठेवली तर कुजतात, फुटतात आणि सगळ्या पेटीला घाण लावतात.

चौदाव्या दिवशी पुन्हा बघावं. आता अर्ध्याहून जास्त अंडं काळं दिसतं आणि रुंद टोकाची हवेची पोकळी स्पष्ट होते. तिची कड पेन्सिलीने आखून ठेवायची. ही पोकळी रोज थोडी मोठी व्हायला हवी, कारण अंडं कवचातून पाणी सोडत असतं. अठरा दिवसांत वजन शेकडा बाराच्या आसपास उतरायला हवं. पन्नास ग्रॅमचं अंडं चव्वेचाळीसवर यावं. मसाले मोजायचा छोटा डिजिटल काटा त्याला पुरतो.

पुण्याची हवा इथे आडवी येते. मशिनच्या कागदावर पहिले अठरा दिवस पन्नास-पंचावन्न टक्के ओल ठेवा असं लिहिलेलं असतं आणि लोक प्रामाणिकपणे पाण्याची वाटी भरत राहतात. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याच्या घरातली हवाच इतकी दमट असते की वाटी काढून टाकावी लागते. ओल जास्त झाली तर अंडं पाणी सोडत नाही, पोकळी लहान राहते आणि पिल्लू शेवटच्या दिवशी आतच गुदमरतं. फेब्रुवारीपासून उलटं, कोरड्या हवेत वाटी दिवसाआड आटते आणि पिल्लू पडद्याला चिकटून अडकतं. एप्रिल-मेच्या दुपारी तर पेटी ठेवलेली खोलीच अडतीस-चाळीसला जाते, आणि पेटीला तापवता येतं, गार करता येत नाही. दिवाळी झाली की मात्र हवा कोरडी-थंड, खोली वीस-पंचविसावर, पेटीचं काम सोपं. पहिल्यांदा करणाऱ्याने हाच हंगाम धरावा.

एकविसावा दिवस

अठराव्या दिवसानंतर ओल पासष्ट-सत्तर टक्क्यांवर न्यायची आणि झाकण बंद. आत आता उरलेला बलक पिल्लू पोटात ओढून घेत असतं. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी चोच हवेच्या पोकळीत घुसते, फुप्फुसं पहिल्यांदा चालू होतात आणि बंद अंड्यातून चिवचिव ऐकू येते. खुडूक कोंबडी या आवाजाला खालच्या सुरात उत्तर देते. पेटीजवळ बसलेली मुलंही देतात.

मग कवचाला पहिला टवका उडतो. चोचीच्या टोकावर एक पांढरा कठीण काटा असतो, त्याचं काम एवढंच. नंतर तो गळून पडतो. टवक्यानंतर पिल्लू तासन्‌तास काहीच करत नाही, आणि इथे माणसाचा धीर सुटतो. नखाने कवच सोलायला घेतलेली पिल्लं रक्ताळून मरतात, कारण आतल्या पडद्याच्या शिरांतलं रक्त अजून पोटात परत गेलेलं नसतं. बारा तास, कधी त्याहून जास्त थांबल्यावर पिल्लू गोल फिरत कवच कापत जातं, टोपण निघतं आणि ओलं, दमलेलं पिल्लू बाहेर पडतं. झाकण उघडलं की ओल जाते आणि मागून येणाऱ्यांचे पडदे वाळतात, म्हणून ते पेटीतच सुकू द्यायचं. खायला देण्याची घाई नको. पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज काढतं. त्या जोरावरच तर एक दिवसाची पिल्लं पुठ्ठ्याच्या खोक्यांतून देशभर फिरतात.

बारा अंड्यांतून सात-आठ पिल्लं निघाली तर घरच्या पेटीने चांगलं काम केलं असं समजावं. चांगल्या हॅचरीत शेकडा ऐंशीच्या पुढे निघतात.

बाविसावा दिवस

मार्केट यार्डाजवळ राहणाऱ्याला इथून पुढचं सामान दारात मिळतं. भुसार बाजारात मका आणि तांदळाची कणी आहे, बारदान आहे. पहिलं पाणी गुळाचं, पहिला दाणा मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर. पाण्याचं भांडं उथळ आणि त्यात चार खडे, नाहीतर पिल्लं बुडतात. खाली भाताचं तूस अंथरावं. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पाय फाकतात आणि पिल्लू कायमचं अधू होतं. वर बल्ब, पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. पिल्लं बल्बखाली एकमेकांवर चढत असतील तर थंडी वाजते आहे, कडेला पळून चोच उघडी टाकत असतील तर गरम होतं आहे.

लस हे पुढचं कोडं. मानमोडी, म्हणजे राणीखेत, लागली तर खुराडंच्या खुराडं रिकामं होतं. त्यासाठी पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब डोळ्यात टाकतात. दुसऱ्या आठवड्यात गंबोरो या वेगळ्या रोगाची लस. हॅचरीत पहिल्याच दिवशी मॅरेक्सची सुई दिली जाते. घरच्या पिल्लांना ती मिळतच नाही. लसीची बाटली किमान शंभर पक्ष्यांची, बर्फात आणायची, कालवली की दोन तासांत संपवायची. आठ पिल्लांसाठी शंभरची बाटली कोण फोडणार? पाळणाऱ्या चार-पाच घरांनी एकत्र येणं किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा दिवस गाठणं, हाच मार्ग.

बर्ड फ्लूच्या साथीतही घरचं म्हणून सूट नसते. देशातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला झाला, तेव्हा शेडमधल्या कोंबड्यांबरोबर आसपासच्या परसातल्याही मारल्या गेल्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यातही साथ आली. पक्षी मारण्याचा नियम उद्रेकापासूनच्या अंतरावर चालतो, हौशी की धंदेवाला हे तो विचारत नाही. आणि रोजचं पथ्य: पिल्लाला हात लावला की साबणाने हात धुवायचा, गालाला लावायचं नाही. साल्मोनेला निरोगी दिसणाऱ्या पिल्लाकडूनही येतो.

नरांचं काय

आठ पिल्लं निघाली तर त्यातले साधारण चार नर. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी असं सांगणारे भेटतात. त्यात तथ्य नाही. लिंग कोंबडीकडून येतं आणि अंडं घातलं जाण्याआधीच ठरलेलं असतं. एक दिवसाच्या पिल्लाचा मागचा भाग तपासून नर-मादी ओळखायची कला जपानी तज्ज्ञांनी १९२० च्या दशकात बसवली, पण ती वर्षानुवर्षांच्या सरावाची. घरी कळायला सहा-आठ आठवडे जातात. तुरा लाल व्हायला लागतो, शेपटीची पिसं वाकतात, आणि एका पहाटे घसा बसल्यासारखी पहिली बांग येते.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण आपण दुसऱ्यांना ऐकवतो. बिबवेवाडीच्या किंवा महर्षीनगरच्या सोसायटीत ती अक्षरशः अनुभवायला मिळते. टोपलीखाली झाका, बाथरूममध्ये ठेवा, पहाटे चारला बांग येणार आणि आठला सेक्रेटरीचा फोन. दोन नर असतील तर मारामारी वेगळी.

औद्योगिक हॅचरीने हा प्रश्न पहिल्याच दिवशी निकालात काढला. लेअर जातीचा नर अंडं देत नाही, अंगाला मांसही फार धरत नाही. म्हणून तो खर्चात बसत नाही आणि मारला जातो. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशा पिल्लांना मारण्यावर बंदी घातली. तिथे आता अंड्यातच लिंग तपासायची यंत्रं वापरतात. आपल्याकडे यांतली काही पिल्लं गुलाबी-हिरव्या रंगात बुडवून जत्रेत आणि आठवडी बाजारात विकायला येत. लहानपणी दोन-चार रुपयांना घेतलेलं आणि आठवड्यात मेलेलं ते पिल्लू बहुधा असाच हॅचरीने नाकारलेला नर असायचा. मोठ्या उद्योगाकडे बोट दाखवणं सोपं आहे. घरच्या पेटीतही नर निम्मेच निघतात आणि तेव्हा निर्णय आपल्याला घ्यावा लागतो.

गावात हा प्रश्न पडत नाही. तिथे कोंबडा देवाला जातो, पाहुण्याला जातो, बाजाराला जातो. तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, घरी राहते, सहा-सात महिन्यांनी अंड्यावर येते. कापायचा की ठेवायचा यावर कुणी रडत नाही, कारण कोंबडी कशासाठी पाळली हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना माहीत असतं. शहरातल्या मुलाने मात्र पिल्लाचं नाव ठेवलेलं असतं. मग तीन महिन्यांचा कोंबडा गुपचूप टेकडीवर सोडला जातो आणि रात्रीत कुत्री त्याला फाडतात. ‘निसर्गात सोडला’ असं घरात सांगतात. पाळीव कोंबड्याला टेकडीवर सोडणं म्हणजे त्याला मारणंच, फक्त आपल्या डोळ्यांआड.

म्हणून पेटी विकत घेण्याआधी, अंडी आणण्याआधी, नर कुठे जाणार ते ठरवा आणि घरातल्या मुलांना ते आधीच सांगा. मार्केट यार्डाच्या परिसरात राहणाऱ्यांना यात एक सोय आहे, जी इतर पुणेकरांना नाही. मुळशी, वेल्हे, पुरंदर, शिरूरकडून पहाटे भरून आलेले टेम्पो सकाळी रिकामे परततात. यार्डात हमाली, तोलाई करणाऱ्या कित्येकांची गावची घरं आणि खुराडी अजून शाबूत आहेत. आधी त्यांच्यापैकी कुणाशी बोलून ठेवा: अंडी तुमची, पेटी आमची, महिना-दीड महिन्याची लस दिलेली पिल्लं पुन्हा तुमची. गावातल्या माणसाला ही पिल्लं फुकटात मिळतात, आणि नाजूक वयातली मर आपल्या घरात होऊन गेलेली असते. आपल्या मुलांना एकवीस दिवस आणि वर एक महिना मिळतो. आणि कोंबड्याला बांग द्यायला जागा मिळते. असा घेणारा पक्का झाला, तर या थंडीत बारा अंडी खुशाल लावा. नसेल झाला, तर पेटी माळ्यावरच राहू द्या आणि बाजारातून अंडी खायला आणा.